केडगावच्या माळावर कामातून श्रद्धा जगलेल्या पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावचं नाव सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिका, इंग्लंडपर्यंत पोचलं, ते एका विधवा बाईच्या कामामुळं. पंडिता रमाबाई त्यांचं नाव. ५ एप्रिल ही त्यांची पुण्यतिथी. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात. संस्कृतच्या विदुषी, धर्मांतर केलं, विधवांसाठी शाळा काढली, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण धर्म बदलल्यावर त्यांनी तो धर्म रोजच्या कामात कसा उतरवला, हे समजून घ्यायचं तर केडगावच्या माळावरच यावं लागतं.

पाठांतर होतं, पण पोटाला नव्हतं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसानं संस्कृत शिकू नये असं मानणारा तो काळ. तरी शास्त्रीबुवांनी बायकोला शिकवलं आणि त्या माउलीनं पुढं लेकीला. श्रीमद्भागवताचे १८ हजार श्लोक रमाबाईंना लहान वयातच तोंडपाठ होते. घरदार नव्हतं. तीर्थक्षेत्रं फिरायची, देवळात पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर भागवायचं, असं कुटुंबाचं चाललं होतं.

मग १८७४ नंतरच्या वर्षांत दुष्काळानं गाठलं. लोकांनाच खायला नाही, तर पुराणिकाला कोण देणार? मजुरी कुणाला येत नव्हती आणि भीक मागायला जीभ उचलत नव्हती. झाडपाला खाऊन दिवस काढले. थोड्याच काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी फिरले. शास्त्र सगळं मुखोद्गत असून घर उपाशी मेलं, ही गोष्ट रमाबाईंच्या मनातून पुढं कधी गेली नाही. केडगावात प्रत्येक मुलीच्या हाताला कसलंतरी काम असलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट असायचा. त्याचं मूळ या दुष्काळात आहे.

१८७८ मध्ये बहीण-भाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन वर्षांच्या आतच, १८८२ च्या फेब्रुवारीत, पतीचं पटकीनं निधन झालं. पदरात मनोरमा, जेमतेम दहा महिन्यांची. वयाच्या चोविसाव्या वर्षी या बाईंनी एवढी मरणं पाहिली होती.

आधी काम पाहिलं, मग विश्वास ठेवला

त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढं साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये लेकीला घेऊन विलायतेला गेल्या. कानाला कमी ऐकू येत असल्यानं ते शिक्षण मात्र राहिलं.

वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींकडं त्या उतरल्या होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातला आश्रम दाखवला. समाजानं वाईट म्हणून टाकून दिलेल्या बायकांची तिथं सेवा चालायची. अशा बाईला कुणी जवळ घेतं, हे रमाबाईंना नवीन होतं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट वाचून दाखवली गेली. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मठाच्या मुठीत गेल्या, असं मात्र झालं नाही. चर्चच्या वरिष्ठांनी ठरवून दिलेलं सगळं मुकाट मान्य करावं, अशी तिथल्यांची अपेक्षा होती. रमाबाई स्वतः बायबल वाचायच्या, प्रश्न विचारायच्या, पटलं नाही तर तसं लिहून कळवायच्या. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असा आक्षेप बिशप मंडळींनी घेतला, तोही त्यांना रुचला नाही. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असा वादही त्यांनी घातला. शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. त्यांच्या लेखी आज्ञापालन देवाचं करायचं होतं. माणसानं फर्मान काढलं तर ते आधी तपासून घ्यायचं.

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदान समारंभाचं. तिथं गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी हिंदू विधवांची स्थिती सांगितली, त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनच्या मंडळींनी संस्था काढून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या पैशावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते. पुढं धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई पहाटे प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. केसरीतून टीकेची झोड उठली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. मुलीला बोलवायचं नाही आणि आलेलीला हाकलायचंही नाही. विश्वासघात झाला असं पालकांना वाटलं, तेही त्या काळात समजण्यासारखं होतं. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही. मात्र रमाबाईंनी शाळा बंद केली नाही. उरलेल्या मुली घेऊन काम चालू ठेवलं.

माळरानावर बाग

अमेरिकेची मदत दहा वर्षांची. पुढं काय? रमाबाईंनी शेतकऱ्यासारखा विचार केला. केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली आणि विहीर खोदून फळबाग लावायला घेतली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं असा हिशोब होता.

फळं हाती यायच्या आतच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती आणि अनाथ पोरींना पळवणारे दलाल फिरत होते. स्वतःचं लहानपण आठवून रमाबाई तिकडं गेल्या. हातात पैसा नव्हता. तरी सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. हाडाचे सापळे झालेल्या, अंगावर जखमा असलेल्या. सगळ्याच काही वाचल्या नाहीत. त्यात पुण्यात प्लेग. शहरात एवढी माणसं ठेवायला सरकारची बंदी. म्हणून केडगावच्या शेतात तंबू आणि झोपड्या पडल्या. तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं.

प्लेगच्या इस्पितळात बायकांची नीट काळजी घेतली जात नाही, हेही त्यांनी वर्तमानपत्रातून उघड लिहिलं. राज्य ख्रिस्ती साहेबाचं होतं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

१९०० चा दुष्काळ गुजरात, राजस्थानकडं आणखी भयंकर होता. तिकडूनही मुली आल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळचं द्यायचं, पाणी पुरवायचं, आजारपण काढायचं आणि शाळाही चालवायची. मुली शिवण, विणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, शेती, बागकाम शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामं बायका करू लागल्या. अंध मुलींसाठी वेगळं घर झालं. मनोरमाबाई स्वतः ब्रेल शिकल्या आणि त्यांनी ते या मुलींना शिकवलं.

आणि कृपा सदन. समाजानं टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला जे पाहिलं होतं ते पंधरा-सोळा वर्षांनी केडगावच्या माळावर त्यांनी करून दाखवलं. मुक्तीतल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या, हे खरं. आणि दुष्काळात दुसरं दार त्यांच्यासाठी उघडं नव्हतं, हेही तितकंच खरं.

शेवटचं काम

त्या वेळच्या मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला जड जायची. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषेवरून सोप्या मराठीत भाषांतराला बसल्या. पंडितांनी पदव्या दिलेल्या या बाईंनी, कष्टकरी बाईला वाचता यावं म्हणून आपली पंडिती बाजूला ठेवली. छपाई मुक्तीच्याच बायकांनी केली.

१९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच पुढं गेली. रमाबाई भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या. ते काम हातावेगळं झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्यांनी प्राण सोडला. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये.

१९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. केडगावात मुक्ती मिशनचं काम आजही चालू आहे. निराधार बायका आणि मुलं तिथं राहतात, शिकतात. त्यांच्या धर्माबद्दल कुणाचं काही मत असो. पुण्यतिथीला केडगावकरांनी आणि तालुक्यातल्या शाळांनी या आवारात एकदा जरूर जाऊन यावं. आपल्याच शिवारात केवढं काम उभं राहिलं होतं, ते पोरांना दाखवावं.