रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आपल्या अनेक बंधुभगिनींच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जातो. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली लागू झाला, तो खेड्यातील रिकाम्या हातांना काम देता यावे म्हणून, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्यांच्या चिंतनातून ही योजना साकारली, ते विठ्ठल सखाराम पागे आपल्याच सांगली जिल्ह्याचे. त्यांच्या जीवनकार्याची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

१९१० साली जन्मलेल्या पागे यांनी वकिलीचे शिक्षण घेतले व स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला. १९६० ते १९७८ या काळात त्यांनी महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापतिपद भूषविले. मोठे पद लाभूनही तासगाव भागातील कोरडवाहू शेती आणि सुगी संपताच बेकार होणारा शेतमजूर त्यांच्या नजरेआड झाला नाही.

दुष्काळ पडला की सरकारने कामे काढावीत व पाऊस आला की ती बंद करावीत, अशी तेव्हाची रीत होती. काम ही कृपा नसून मजुराचा हक्क आहे, अशी पागे यांची धारणा होती. त्यांनी आपली कल्पना मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली आणि विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे खडी फोडण्यास गेली, तेव्हा तिची निकड साऱ्या राज्याला पटली.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी करणाऱ्या प्रौढास १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता आणि स्त्रीपुरुषांना समान मजुरी ही त्याची सूत्रे होती. पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांची कामे गावाजवळच निघाल्याने अनेक कुटुंबांना घरदार सोडून शहराची वाट धरावी लागली नाही.

मजुरी मिळण्यास विलंब होई, हे खरे. थकलेल्या वृद्धांना तर अंगमेहनतीची हमी पुरेशी नव्हती. त्यांच्यासारख्या निराधारांसाठी राज्याने १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली.

१९९० साली पागे यांचे निधन झाले. त्यानंतर १५ वर्षांनी, २००५ मध्ये, संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभवच आधाराला होता. पगारपत्रकावरील त्या छोट्याशा कपातीकडे पाहताना या थोर पुरुषाचे कृतज्ञतेने स्मरण व्हावे, असे आम्हांला वाटते.