साऱ्याचा हिशेब मागणारे जोतीराव

पुण्याचे जोतीराव फुले म्हटले की १८४८ ची मुलींची शाळा आठवते, १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद आठवतो. पण गावकऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे काम १८८२ चे. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला त्यांनी लेखी निवेदन दिले. सारा भरतो कुणबी अन् खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे रोखठोक मांडले. महार-मांगांची पोरे इतरांशेजारी बसू दिली जात नाहीत. पुण्यात त्यांची वस्ती पाच हजारांवर, शाळा मात्र एकच, अन् तिच्यात तीस पोरेही नाहीत, हेही सांगितले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, नांगर धरता येईल असे मास्तर नेमा, ही मागणी. असल्या मास्तराला कुणब्याचे पोर बिचकत नाही! सक्ती आयोगाने मानली नाही. जोतीराव १८९० साली गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ती आणली १९१७ मध्ये.