शंकर बाळकृष्ण दीक्षित

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वाघोटणच्या खाडीकाठी खारेपाटण नावाचे एक जुने गाव आहे. एके काळी हे भरभराटीचे बंदर होते. खाडीतून गलबते वर येत आणि त्यांतील माल बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई. या गावी सापडलेला एक ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. दक्षिण कोकणातील शिलाहार राजा रट्टराज याने दिलेल्या दानाचा तो लेख आहे. आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांनी तो प्रथम विद्वानांच्या नजरेस आणला. रट्टराजासह दहा राजांची वंशावळ त्यात दिलेली असून लेखाचा काळ शके ९३०, कीलक संवत्सर, ज्येष्ठ पौर्णिमा असा सांगितलेला आहे.

परंतु हा दिवस इसवी सनाच्या कोणत्या तारखेस आला होता? आपल्या देशात असे हजारो शिलालेख व ताम्रपट आहेत. कोणात शक वापरलेला आहे, कोणात विक्रम संवत, तर कोणात गुप्तांचा काळ. हे सर्व काळ एका मापाने मोजता आले नाहीत, तर कोणता राजा आधी झाला व कोणता नंतर, हेही निश्चित सांगता येणार नाही. हे बिकट काम ज्यांनी आपल्या अल्प आयुष्यात पुष्कळ सुकर केले, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित हे एक साधे शिक्षक होते.

दीक्षितांचा जन्म इ. स. १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही गाव हेच. त्या काळी मुरुड आणि खारेपाटण ही दोन्ही गावे एकाच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असत. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर शंकररावांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात प्रवेश घेतला आणि शिक्षकाचा व्यवसाय पत्करला. १८७४ साली ते मॅट्रिक झाले. पुढे महाविद्यालयात जाण्याचा योग मात्र त्यांना आला नाही. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेरीस पुणे अशा ठिकाणी त्यांनी आयुष्यभर अध्यापन केले. दिवसभर मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ ग्रंथ व गणिते यांत घालवावा, असा त्यांचा क्रम असे.

ज्योतिषाची आवड त्यांना प्रथमपासून होती. येथे ज्योतिष म्हणजे भविष्य सांगण्याची विद्या नव्हे, तर सूर्य, चंद्र व ग्रह यांच्या गतींचे गणित. महाराष्ट्रात या विषयाला नवी दिशा देणारे थोर गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. युरोपीय ज्योतिषाने सिद्ध केलेली अचूक माने घेऊन त्यांनी मराठीत तक्ते तयार केले होते. ज्याला मूळचे अवघड गणित येत नाही, तोही कोष्टकातील अंक घेऊन, सांगितल्या क्रमाने बेरीज-वजाबाकी करून, ग्रहांची स्थाने काढू शके. अवघड विद्या एकाने एकदाच साधावी आणि तिचे फळ सर्वांच्या हाती सोप्या रूपात द्यावे, हे या ग्रंथाचे मर्म होते. दीक्षितांनी ते मर्म ओळखले.

बार्शीस असताना त्यांच्या विद्येची खरी कसोटी लागली. फ्लीट या नावाचे एक इंग्रज विद्वान त्या वेळी गुप्त राजांचे शिलालेख संपादन करीत होते. गुप्तांचे वर्ष कोणत्या सनापासून मोजावे, याविषयी विद्वानांत मोठा वाद माजला होता. कोणी इ. स. ७७ हे वर्ष धरी, कोणी १६६, तर कोणी १९०. अल्बेरूनी या प्रवाशाने मात्र गुप्तकाळ शकाच्या २४१ वर्षे मागाहून सुरू झाल्याचे लिहून ठेवले होते. त्यावरून तो आरंभ इ. स. ३१९ च्या सुमारास येतो. या मतांपैकी खरे कोणते, हे केवळ वादाने ठरणारे नव्हते. त्यासाठी गणित हवे होते.

मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावरील लेखात गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा काळ दिला आहे. तिथी आणि वार यांची जोडी काळाच्या परीक्षेला फार उपयोगी पडते. कारण चुकीचे वर्ष धरले तर बहुधा तिथी येते, पण तिच्याशी वार जुळत नाही. दीक्षितांनी छत्र्यांच्या कोष्टकांच्या आधारे गणित केले. ३१९ हा आरंभ धरता ती द्वादशी इ. स. ४८४ च्या जून महिन्याच्या २१ तारखेस आली, आणि तो दिवस गुरुवारच होता. असेच इतर लेखही तपासून पाहण्यात आले. १८८८ साली फ्लीट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तिथीवरून वार व इंग्रजी तारीख काढण्याची दीक्षितांची रीतही त्याच्या परिशिष्टात छापली गेली. गुप्तांच्या इतिहासाला पक्का पाया मिळाला, त्यात एका शाळामास्तराच्या गणिताचा असा मोठा वाटा होता.

हे काम करताना एक गोष्ट दीक्षितांच्या ध्यानात पक्की बसली. गणितातील चुकांपेक्षा संकेतांतील गोंधळ अधिक घातक असतो. शके ९३० असे लिहिले, तर त्याचा अर्थ ९३० वर्षे पुरी झाली असा घ्यावयाचा, की ९३० वे वर्ष चालू आहे असा? पहिल्यास गत वर्ष म्हणतात, दुसऱ्यास वर्तमान वर्ष, आणि दोहोंत एका वर्षाचा फरक पडतो. महिन्याचेही तसेच. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो, तर उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे आपला श्रावण वद्य पक्ष तो त्यांचा भाद्रपद कृष्ण पक्ष होतो. कोठे वर्ष चैत्रात सुरू होते, तर कोठे कार्तिकात. लिहिणाऱ्याच्या मनात कोणता संकेत होता, हे न पाहता आकडेमोड केली, तर बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते.

रॉबर्ट सेवेल हे मद्रास इलाख्यातील एक अधिकारी होते. त्यांच्या सहकार्याने दीक्षितांनी भारतीय पंचांगावरील जो इंग्रजी ग्रंथ रचला, तो १८९६ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. हिंदू आणि मुसलमानी कालगणनेतील कोणतीही तारीख इसवी सनात कशी आणावी, हे त्यात तक्त्यांसह दाखवले आहे. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या प्रत्येक वर्षासाठी त्यात एक ओळ आहे. प्रत्येक स्तंभात कोणता अंक आहे, वर्ष गत की वर्तमान, अधिक महिना कोणता, हे सर्व आधीच ठरवून स्पष्ट केले आहे.

या ग्रंथातील रीत मोठी सुबक आहे. चंद्र सूर्यापासून दूर जात जात पुन्हा त्याला गाठतो, त्या संपूर्ण फेऱ्याचे दहा हजार भाग कल्पिले आहेत. तिथी तीस, म्हणून एका तिथीस सुमारे ३३३ भाग येतात आणि पाच हजार भाग पुरे झाले की पौर्णिमा संपते. प्रथम वर्षारंभीचा अंक तक्त्यातून घ्यावा. त्यात गेलेल्या दिवसांचा अंक मिळवावा. चंद्राची व सूर्याची गती कधी शीघ्र तर कधी मंद असते, म्हणून त्याबद्दलच्या दोन दुरुस्त्या आणखी दोन तक्त्यांतून घ्याव्यात. बेरीज दहा हजारांच्या वर गेल्यास दहा हजार सोडून द्यावेत. उरलेला अंक शेवटच्या तक्त्यात पाहिला की तिथी मिळते. प्रत्येक पायरी लहान, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. ती रीत कोणीही चालवली, तरी उत्तर एकच येते.

आता आपण खारेपाटणच्या ताम्रपटाकडे वळू. शके ९३० मध्ये ७८ मिळवले की इ. स. १००८ येते. पण हे वर्ष गत की वर्तमान? याचा निर्णय ताम्रपटातच आहे. संवत्सरांची नावे साठ असून ती क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. दक्षिणेतील पद्धतीने गत शकात १२ मिळवून साठांनी भागावे; बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रम. ९३० आणि १२ मिळून ९४२. त्यांस साठांनी भागता बाकी ४२ उरते, आणि प्रभवापासून बेचाळिसावा संवत्सर कीलक हाच आहे. ९३० हे वर्तमान वर्ष मानले असते, तर गत वर्षे ९२९ धरावी लागली असती आणि बाकी ४१ उरून प्लवंग हे नाव आले असते. तेव्हा वर्ष गत होय, हे सिद्ध झाले. त्या वर्षीची ज्येष्ठ पौर्णिमा इ. स. १००८ च्या मे महिन्याच्या २२ तारखेस येते. ताम्रपट लिहिणाऱ्याने वर्षाबरोबर संवत्सराचे नावही दिले, म्हणूनच नऊशे वर्षांनंतरच्या अभ्यासकांना त्याचे लेखन ताडून पाहता आले.

त्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, दीक्षितांचा भारतीय ज्योतिःशास्त्र हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून तो स्वतःच्या काळापर्यंतच्या भारतीय ज्योतिषाचा इतिहास त्यांनी त्यात मांडला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत असा उल्लेख आहे. आकाशातील तशी स्थिती कोणत्या काळी होती याचे गणित करून तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. पुढील विद्वानांत त्याविषयी मतभेद झाले, तरी जुन्या ग्रंथातील विधान गणिताने तपासण्याची त्यांची दृष्टी मोलाची ठरली. या ग्रंथाची पुढे हिंदीत व इंग्रजीत भाषांतरे झाली. सामान्य वाचकांना आकाशाची ओळख करून देणारा ज्योतिर्विलास हा त्यांचा ग्रंथही लोकांनी आवडीने वाचला. विद्वानांसाठी एक आणि सामान्यांसाठी दुसरे, असा भेद त्यांनी आपल्या श्रमांत कधी केला नाही.

एवढे प्रचंड कार्य करणाऱ्या या पुरुषास दीर्घ आयुष्य लाभले नाही. १८९८ च्या एप्रिल महिन्यात पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांना पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. परंतु त्यांनी गणिताचे गुपित स्वतःजवळ ठेवले नव्हते. रीत आणि तक्ते छापलेले होते. त्यामुळे ते गेल्यावरही काम थांबले नाही. देशोदेशींच्या संशोधकांनी ती पुस्तके पुढे ठेवून शेकडो लेखांचे काळ निश्चित केले.

आज हे काम संगणक क्षणार्धात करतो. पण संगणक स्वतः विचार करीत नाही. त्याला एकामागून एक करावयाच्या कृती लिहून द्याव्या लागतात. त्या लेखनास आज्ञावली म्हणतात. दीक्षितांनी माणसांसाठी लिहिलेली रीत आणि आजच्या अभियंत्याने यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली यांचे नाते फार जवळचे आहे. दोहोंत पायऱ्यांचा क्रम चुकता कामा नये. दोहोंत माहिती तक्त्यांत मांडावी लागते. आणि दोहोंत ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण घालून रीत पारखावी लागते. संकेतांचे महत्त्व तर तिळमात्र कमी झालेले नाही. पाच-सहा असे दोनच अंक लिहिले, तर कोणी ते पाच जून वाचील, तर कोणी सहा मे. विसाव्या शतकात अनेक आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची प्रथा पडली होती. २००० साल जवळ आले, तेव्हा यंत्र ते वर्ष १९०० समजेल या भीतीने जगभर त्या आज्ञावली तपासून दुरुस्त कराव्या लागल्या. संकेत स्पष्ट लिहून ठेवावा, ही दीक्षितांची शिस्त न पाळल्याचा हा दंड होता.

दीक्षितांजवळ धन नव्हते, मोठी पदवी नव्हती, वेधशाळाही नव्हती. कागद, लेखणी आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर त्यांनी दीड हजार वर्षांच्या दिवसांचा हिशेब जुळवला. आपले उत्तर दुसऱ्याला तपासता यावे, अशा रीतीने काम करून ठेवणे हा विद्येतील प्रामाणिकपणा होय. तो दीक्षितांनी जन्मभर पाळला.

स्वाध्याय

१. तिथीबरोबर वार दिलेला असल्यास लेखाचा काळ तपासणे सोपे का जाते?
२. गत वर्ष आणि वर्तमान वर्ष यांतील भेद खारेपाटणच्या ताम्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
३. छत्रे आणि दीक्षित यांनी अवघड विद्या सर्वांसाठी सोपी कशी केली?
४. खारेपाटण येथे सापडलेल्या दुसऱ्या एका ताम्रपटात शके १०१६, भाव संवत्सर असा काळ आहे. भाव हा प्रभवापासून आठवा संवत्सर आहे. पाठातील रीत वापरून शक व संवत्सर जुळतात की नाही ते पाहा.