फळमाश्यांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत इच्छापोरला घरी गेलो, तेव्हा पिकल्या केळ्यांवर बारीक माश्या घोंगावत होत्या. आई त्या हाकलत होती. मला मात्र आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकन शास्त्रज्ञांची आठवण झाली.

त्यांचा जन्म १८९१ सालचा. बालपण अलाबामातील शेतावर गेले. वडिलांच्या घोड्यांच्या वंशावळी ते लहानपणीच मांडू लागले. थोरल्या भावाने त्यांना न्यूयॉर्कला आपल्या घरी ठेवून घेतले. कोलंबिया विद्यापीठात शिकताना घोड्यांच्या रंगांवरचा निबंध त्यांनी प्रा. मॉर्गन यांना दाखवला आणि फळमाश्यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली.

१९११ साली, एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून त्यांनी एक रात्र जागवली. जे गुण वारंवार एकमेकांपासून सुटतात ते गुणसूत्रावर दूर, क्वचित सुटतात ते जवळ, असा तो हिशेब. त्यातून गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार झाला. तो १९१३ साली छापला गेला.

पुढे काही माश्यांत गुणांची ही अदलाबदल फार कमी झालेली दिसली. गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसल्याने असे होते, हे त्यांनी १९२६ साली दाखवून दिले. खतावणीची काही पाने उलट क्रमाने शिवली, तर दुसऱ्या वहीशी ताळा जमेल कसा? एक सरळ व एक उलटा अशी जोडी असली, की त्या भागात अदलाबदल झालेली बहुतेक गुणसूत्रे पुढच्या पिढीत टिकत नाहीत. म्हणून तेथील गुण गठ्ठ्यानेच वारशात येतात. तरी क्वचित दोन जागी अदलाबदल होऊन एखादा गुण पलीकडे जातोच. १९३६ साली डॉब्झान्स्की यांच्यासह त्यांनी अशा उलट्या तुकड्यांवरून रानातल्या माश्यांचा पूर्वेतिहास जुळवला. १९७० साली ते वारले.

मित्रहो, हे सारे सांगण्याचे कारण घरचे आहे. स्टर्टेव्हंट रंगांधळे होते. तांबड्या-हिरव्यातला भेद त्यांना नीट कळत नसे. मलाही कळत नाही. प्रयोगशाळेत आपली फजिती होईल या धास्तीने दहावीनंतर मी वाणिज्य शाखा घेतली आणि सर्वांना ती आवड म्हणून सांगितली. हा दोष एक्स गुणसूत्रावरून, आईमार्फत मुलाकडे येतो. स्टर्टेव्हंट यांचा पहिला नकाशाही माशीच्या एक्स गुणसूत्राचाच होता!

वाणिज्य शाखेचा मला पश्चात्ताप नाही. परंतु माझ्या धाकट्या भावालाही हाच दोष आहे. तो यंदा दहावीत आहे आणि त्याला विज्ञानाची खरी ओढ आहे. त्या संध्याकाळी केळी पुढे ठेवून मी त्याला ही हकीकत सांगितली. थोरल्या भावाने एवढे तरी करायलाच हवे.