पापुशा : वाळीत टाकलेली कवयित्री

कोसोवोमधील मित्रोवित्सा येथे इबार नदीच्या काठी रोमा लोकांची एक जुनी, मोठी वस्ती होती. जून १९९९ मध्ये, युद्ध थांबताच, ती लुटून जाळण्यात आली. बेघर झालेल्या शेकडो माणसांना संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली छावण्यांत ठेवण्यात आले. त्या छावण्या मात्र त्रेप्चाच्या शिशाच्या कारखान्यातील टाकाऊ मातीच्या ढिगांलगत होत्या. २००४ साली तेथील मुलांचे रक्त तपासले, तेव्हा त्यात मेंदूला इजा करील इतके शिसे सापडले. तात्पुरती म्हटलेली ही सोय दहा वर्षांहून अधिक काळ चालली. रोमांनी कोठे राहावे हे त्यांच्या हितचिंतकांनीच ठरवले होते!

हितचिंतकांच्या हातून रोमांचे असे नुकसान पूर्वीही झाले आहे. ते जिने आपल्या आयुष्यात भोगले, ती पोलंडची कवयित्री पापुशा.

तिचे कागदोपत्री नाव ब्रोनिस्वावा वाय्स. पापुशा म्हणजे बाहुली. जन्मसाल कोणी १९०८ सांगतात, कोणी १९१०. तांड्यात जन्मनोंदी ठेवतो कोण? तिची भाषा रोमानी. ह्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान आणि विसाला बिश म्हणतात, हे वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांची ती भाषा आहे.

तिच्या काळी तांड्यातील मुलीने अक्षरे गिरवणे हा जवळजवळ गुन्हाच. पापुशाने गावातील लोकांना चोरलेल्या कोंबड्या देऊन त्यांच्याकडून अक्षरओळख करून घेतली. (आपण फी भरतो, तिने कोंबड्या दिल्या, एवढेच!) घरात पुस्तक सापडले की मार बसे. पंधराव्या वर्षी तिचे लग्न दिओनिझी वाय्स ह्या हार्पवादकाशी लावून दिले. तो वयाने तिच्याहून कितीतरी मोठा. हे लग्न तिच्या मनाविरुद्ध झाले होते. मूलबाळ झाले नाही. मनातले दुःख ती गाण्यांत ओतू लागली.

मग महायुद्ध आले. जर्मनांनी ज्यूंप्रमाणेच रोमांचाही संहार आरंभला. पापुशाचा तांडा व्होलिनच्या अरण्यात लपला. बर्फ, उपासमार आणि चाहूल लागली की पुन्हा पळ. १९४३-४४ च्या त्या दिवसांवर तिने पुढे एक दीर्घ गीत रचले. जंगल हे तिच्या कवितेत केवळ देखावा म्हणून येत नाही. त्या जंगलानेच त्यांना जिवंत ठेवले होते.

१९४९ साली येझी फित्सोव्स्की नावाचा तरुण पोलिश कवी ह्या तांड्याबरोबर राहू लागला. पापुशाची गाणी ऐकून तो भारावून गेला. त्याने तिला ती लिहून काढायला लावली आणि त्यांची पोलिश भाषांतरे केली. १९५० साली काही गाणी ‘प्रोब्लेमी’ मासिकात छापून आली. सोबत फित्सोव्स्की आणि ख्यातनाम कवी युलियान तुविम यांचा संवाद होता. घात येथेच झाला. सरकारला भटक्या रोमांना एका जागी बसवायचे होते, फित्सोव्स्कीचाही ह्या धोरणाला पाठिंबा होता आणि पापुशाच्या गाण्यांचे नाव त्या प्रचाराशी जोडले गेले. जी बाई अरण्याच्या आणि वाटेच्या आठवणीने व्याकूळ होऊन गात होती, तिचीच गाणी वाट बंद करण्याच्या कामी आली!

१९५३ मध्ये पोलंडच्या रोमांवरील फित्सोव्स्कीचे पुस्तक निघाले. त्यात त्यांचे रीतिरिवाज आणि शब्द उघड झाले होते. त्याआधी पापुशाने लेखकसंघापर्यंत जाऊन प्रकाशन थांबवण्याची विनवणी केली. कोणी ऐकले नाही. बाहेरच्यांना गुपिते विकल्याचा ठपका मात्र तिच्यावर आला. जातीच्या वडीलधाऱ्यांनी ती बाटली असे ठरवून तिला वाळीत टाकले. ‘वाळीत टाकणे’ ह्या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला निराळा सांगायला नको.

तिने आपली हस्तलिखिते जाळली. आठ महिने ती मनोरुग्णालयात होती. फित्सोव्स्कीचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. त्याच्यामुळेच तिचे काव्य आज आपल्यापर्यंत पोहोचले, हेही खरे. परंतु ज्यांच्या भल्याची गोष्ट चालली होती त्यांना एकदा तरी विचारावे, हे त्याला सुचू नये? १९५६ साली तिच्या गाण्यांचा संग्रह निघाला, १९६२ मध्ये ती लेखकसंघाची सभासदही झाली. बाहेरच्या जगात मान होता, पण स्वतःच्या माणसांत कोणी तिच्याशी बोलेना.

गोझूफ शहरात ती नवऱ्यासह राहत होती. १९६४ पासून पोलिसांनी तांड्यांच्या गाड्या अडवायला सुरुवात केली आणि रस्त्यावरचे रोमा जीवन संपले. पापुशा मधूनच एखादी कविता लिही, मग वर्षानुवर्षे गप्प. १९७२ मध्ये नवरा वारला. अखेरची वर्षे तिने इनोव्रोत्स्वाफ येथे बहिणीच्या आधाराने काढली आणि ८ फेब्रुवारी १९८७ रोजी तेथेच तिचा मृत्यू झाला. तिचे थडगे त्याच गावी आहे.