कानाच्या आत पहिल्यांदा नीट डोकावणारा माणूस: अल्फोन्सो कोर्ती

धाराशिव जिल्ह्यात शेळी बघायला लांब जावं लागत नाही. काळी, काटक उस्मानाबादी शेळी बांधावर, माळावर, गावाच्या वेशीत कुठंही दिसते. (जिल्ह्याचं नाव बदललं, जातीचं मात्र तेच राहिलं.) ती चरत असताना मागून हलकीशी चाहूल द्या. मान वर व्हायच्या आधी कान हललेला असतो. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, शेळीला 37 हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्यासाठी जिथं सगळं शांत झालेलं असतं, तिथं तिचं ऐकणं अजून चालूच असतं.

पण बाहेर लोंबणारा तो लांब कान म्हणजे नुसतं नरसाळं. खरं काम कवटीच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या एका नळीत चालतं. हिला कॉक्लिया म्हणतात. माणसात ती वाटाण्याएवढी असते. तिच्यात एक बारीक पट्टी आहे आणि हवेतल्या थरथरीचं विजेच्या संदेशात रूपांतर होतं ते या पट्टीवर. शेळी, कुत्रा, वटवाघूळ, हत्ती, आपण, सगळ्यांच्या कानात ही पट्टी आहे. नाव 'ऑर्गन ऑफ कॉर्टी'. बारावीच्या जीवशास्त्रात आकृतीला नावं द्यायच्या प्रश्नापुरतं हे नाव भेटतं आणि परीक्षा झाली की विसरलं जातं. या नावामागच्या माणसाने कानाचा अभ्यास केला जेमतेम दीड-दोन वर्षं.

आडनावाचा इटालियन उच्चार कोर्ती. जन्म 15 जून 1822, पाविया शहराजवळच्या गाम्बाराना गावी. घराणं जहागीरदाराचं, वडिलांना मार्केझे ही पदवी. वडिलांच्या मित्रांमध्ये अंतोनिओ स्कार्पा होते, त्या काळातले युरोपातले नावाजलेले शरीररचनातज्ज्ञ. स्कार्पांनी स्वतः आतल्या कानावर काम केलं होतं आणि तिथला एक मज्जातंतूंचा गुच्छ आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. जहागीरदाराच्या पोराला डॉक्टरकीची ओढ इथूनच लागली असावी, असं चरित्रकार मानतात.

पावियात वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. पण 1845 मध्ये, वडिलांच्या मनाविरुद्ध, कोर्ती व्हिएन्नाला गेले. तिथं योसेफ हिर्टल हे शरीररचनेचे प्राध्यापक होते. रक्तवाहिन्यांमध्ये रंगीत पदार्थ भरून त्यांचं जाळं उघडं करून दाखवण्यात त्यांचा हातखंडा. कोर्ती त्यांच्या हाताखाली तयार झाले. 1847 मध्ये प्रबंध लिहिला, आणि विषय काय, तर वाळवंटी घोरपडीच्या रक्तवाहिन्या! हे वरवर गमतीचं वाटेल, पण त्या प्रबंधाने त्यांच्या बोटांना वळण लावलं. केसाएवढी रक्तवाहिनी न तोडता मोकळी करायची तर हात किती स्थिर हवा, याचा विचार करा.

हिर्टल यांनी त्यांना आपल्या विभागात सहायक म्हणून घेतलं. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच 1848 साल उजाडलं. व्हिएन्नात क्रांतीचा भडका उडाला आणि कोर्ती ज्या सार्डिनिया राज्याचे प्रजाजन होते, त्याचं ऑस्ट्रियाशी युद्ध जुंपलं. व्हिएन्ना सोडावं लागलं. मग बर्न, पॅरिस, लंडन अशी भटकंती, आणि 1850 मध्ये जर्मनीतलं व्युर्त्सबुर्ग.

तिथं आल्बर्ट क्योलिकर होते. सूक्ष्मदर्शकाखाली प्राण्यांच्या ऊती बघण्याचं शास्त्र तेव्हा नुकतंच बाळसं धरत होतं, आणि क्योलिकर यांची प्रयोगशाळा त्याचं माहेरघर होती. 1830 च्या सुमारास रंगांची झालर न येणारी भिंगं बनायला लागली होती, त्यामुळे पेशी पहिल्यांदाच स्वच्छ दिसत होत्या. स्नायू, त्वचा, मज्जातंतू, सगळ्यांची चित्रं निघत होती. कान मात्र हाती लागत नव्हता.

कान बघणं एवढं अवघड का होतं?

पहिली अडचण हाडाची. कॉक्लिया कवटीच्या ज्या भागात असते तो शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एक. फोडायला जोर लावावा तर आतली नळी चुरडते. जपून कोरावं तर वेळ जातो, आणि दुसरी अडचण नेमकी वेळेचीच. प्राणी मेल्यावर आतल्या कानातल्या नाजूक पेशी फार लवकर सुजतात, फुटतात, विरघळून जातात. तिसरी अडचण म्हणजे ताज्या पेशी जवळपास पारदर्शक असतात. पाण्यात काच बुडवून ठेवल्यावर जशी दिसत नाही, तसंच.

कोर्ती यांनी तिन्हींवर तोड काढली. हाताचं कसब घोरपडीने दिलं होतं. ऊती टिकवायच्या कशा, हे शिकायला ते 1851 च्या सुरुवातीला हॉलंडमध्ये उट्रेख्टला जाऊन आले. आणि पारदर्शकपणावर उपाय म्हणून त्यांनी कार्माइन वापरलं. हा लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्यापासून बनतो. पेशीचे वेगवेगळे भाग हा रंग कमीजास्त शोषतात, त्यामुळे जे दिसत नव्हतं ते उठून दिसायला लागतं. आज कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये तुकडा रंगवल्याशिवाय स्लाइड बघत नाहीत. तेव्हा मात्र ही पद्धत अगदी नवी होती, आणि ऊती अशा रंगवणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत कोर्ती येतात.

माणसाचे आणि वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांचे मिळून सुमारे 200 कॉक्लिया त्यांनी तपासले असं सांगितलं जातं. 1851 मध्ये क्योलिकर यांच्या प्राणिशास्त्राच्या जर्मन नियतकालिकात त्यांचा लेख आला, फ्रेंच भाषेत. विषय: सस्तन प्राण्यांचं श्रवणेंद्रिय. वय 29.

त्यांना दिसलं काय?

आधी आवाजाची वाट बघू. कानाचा पडदा हलतो, त्याला चिकटलेली हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं हलतात, रिकीब कॉक्लियाच्या खिडकीवर ढकलते आणि आतल्या द्रवात लहर उठते. इथपर्यंत मोकळ्या डोळ्यांनी कळण्यासारखं होतं. पुढं काय होतं, हा प्रश्न होता.

कोर्ती यांना दिसलं की नळीच्या आत, तळाच्या लवचीक पडद्यावर, पेशींच्या शिस्तबद्ध रांगा आहेत. मध्ये कमानीसारखे उभे खांब आहेत. त्यांच्या आजूबाजूला टोकाशी केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, आणि त्यांच्यावर जेलीसारख्या पदार्थाची एक पातळ झापड. बाजूच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी भरलेली पट्टी, आणि आतल्या बाजूला, जिथून मज्जातंतू मेंदूकडे निघतात, तिथं दोन शेपट्या असलेल्या पेशींचा पुंजका. आजच्या पाठ्यपुस्तकातल्या आकृतीशी हे ताडून बघा. फारसं काही राहिलेलं नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत डायटर्स, क्लॉडियस, हेन्झन यांनी शेजारच्या पेशी शोधल्या आणि त्या पेशींना त्यांची नावं मिळाली. सगळ्या पट्टीला 'कोर्तीचा अवयव' म्हणायला सुरुवात केली ती क्योलिकर यांनी. माझ्या मते शास्त्रातल्या नामकरणांमध्ये इतकं योग्य नाव क्वचितच सापडेल.

पण कोर्ती यांनी रचना दाखवली, काम नाही. हे सगळं कशासाठी आहे, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि ते शोधायला ते थांबलेही नाहीत.

1851 मध्येच वडील वारले. पदवी, जमीन, द्राक्षमळे सगळं अंगावर आलं. 1854 मध्ये हत्तीच्या ऊतींवर त्यांचा एक लेख छापून आला आणि मग संशोधन संपलंच. (काळाचा अंदाज यावा म्हणून: आदल्याच वर्षी, 1853 मध्ये, फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने आपला धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. तो परत मिळाला 1860 ला.) 1855 मध्ये कोर्ती यांचं मारिया बेत्तिन्झोलीशी लग्न झालं. एक मुलगी, एक मुलगा. 1861 मध्ये बायको गेली. मुलांना वाढवणं आणि द्राक्षं पिकवणं, एवढंच उरलं. त्यात संधिवाताने गाठलं, तोही हातपाय वाकडे करणारा. वाटाण्याएवढ्या हाडातून अखंड पट्टी सोडवून काढणारी ती बोटं हळूहळू निकामी होत गेली.

आणि नेमक्या याच वर्षांत त्यांच्या शोधावरून युरोपात वाद रंगला होता. हेल्महोल्ट्झ यांनी 1863 मध्ये मांडलं की कोर्ती यांनी दाखवलेले ते कमानीचे खांब म्हणजे पियानोच्या तारा. प्रत्येक खांब एकेका स्वराला थरथरतो. कल्पना देखणी होती, आणि ती मोडली पक्ष्यांनी. हासे नावाच्या शास्त्रज्ञाने पक्ष्यांचे कान उघडून बघितले तर त्यात हे खांबच नाहीत! पक्ष्यांना सूर कळत नाहीत असं कोण म्हणेल? हेल्महोल्ट्झ यांनी माघार घेतली आणि नंतरच्या आवृत्तीत तारांचं काम खालच्या लवचीक पडद्याकडे दिलं. एका प्राण्याच्या कानावरून दुसऱ्याची परीक्षा घ्यायची, ही रीत इथून पक्की झाली.

2 ऑक्टोबर 1876 रोजी, कोर्विनो सान क्विरिको इथल्या इस्टेटीवर, वयाच्या 54 व्या वर्षी कोर्ती वारले.

पडदा खरंच कसा हलतो हे दिसायला आणखी पन्नास वर्षं लागली. गेओर्ग फॉन बेकेशी हे हंगेरीच्या टपाल खात्यात टेलिफोनवर काम करणारे. टेलिफोनची गुणवत्ता सुधारायची तर ऐकणारा कान कसा चालतो हे कळायला हवं, म्हणून ते कानात शिरले. मेलेल्या माणसांच्या आणि प्राण्यांच्या कॉक्लियावर चांदीचे कण टाकून, लुकलुकत्या प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी पडद्यावरून धावणारी लहर पाहिली. उंदरापासून हत्तीपर्यंतचे कान तपासले. बारीक, उंच आवाजाची लहर सुरुवातीलाच उसळते आणि विरते, तर खर्जाची आतल्या टोकापर्यंत पोचते. तुळजापूरला संबळ ऐकला असेल तर हे लगेच कळेल. जोडीतल्या लहान वाद्याचा टणत्कार तुमच्या कॉक्लियाच्या तोंडापाशी उतरतो, मोठ्याचा घुमारा आत खोलवर. मेंदू फक्त जागा वाचतो. बेकेशींना 1961 चं नोबेल मिळालं.

कॉक्लियर इम्प्लांट याच नकाशावर चालतं. नळीत एक बारीक तार सरकवतात, तिच्यावर ओळीने इलेक्ट्रोड असतात, आणि प्रोसेसर उंच स्वर बाहेरच्या इलेक्ट्रोडला, खालचे आतल्याला पाठवतो. मेलेल्या केसपेशींना वळसा घालून थेट मज्जातंतूला, म्हणजे कोर्ती यांनी पाहिलेल्या त्या दोन शेपट्यांच्या पेशींनाच, वीज दिली जाते.

केसपेशी मरतात, हा या गोष्टीतला खरा चटका. माणसाच्या एका कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे 12 हजार, बस. आयुष्यभराचा साठा एवढाच. डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचल्यावर कानात जी शिट्टी वाजते ती याच पेशींची तक्रार असते. कोंबडीच्या मेलेल्या केसपेशी काही आठवड्यांत पुन्हा उगवतात, हे 1980 च्या दशकात कळलं. शेळीच्या उगवत नाहीत, आपल्याही नाहीत. का नाही, यावर आज अनेक प्रयोगशाळा राबताहेत.

बाहेरच्या रांगेतल्या पेशींचं एक गुपित तर कोर्ती यांना कितीही चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं नसतं, कारण ते जिवंत कानातच घडतं. या पेशी आवाज आला की आखडतात-ताणतात आणि लहर वाढवतात. त्यांच्या या धडपडीतून कान स्वतःच अगदी हलका आवाज बाहेर सोडतो. डेव्हिड केम्प यांनी तो 1978 मध्ये पकडला. आता नवजात बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी प्रोब ठेवून हाच आवाज तपासतात. चाचणीचं नाव ओएई. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं, सुई नाही, औषध नाही, दोन-चार मिनिटांत मशीनवर 'पास' किंवा 'रेफर' येतं. 'रेफर' म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे. पुन्हा तपासायचं, आणि तरीही तेच आलं तर पुढची बेरा चाचणी करायची, तीही शक्यतो पहिल्या तीन महिन्यांच्या आत.