कयाक चालवण्यात तरबेज झालेला जिनो वॉटकिन्स एकटाच गेला आणि परतलाच नाही

भामरागडच्या माणसाला डोंगा नवा नाही. झाड कोरून केलेल्या डोंग्यातून इथं इंद्रावती ओलांडतात. तिकडं ग्रीनलंडमध्ये मोठी झाडंच नाहीत. म्हणून इनुइट लोकांनी वाहत आलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून होडी बनवली. तीच कयाक.

या कयाकचा नाद लागला लंडनच्या जिनो वॉटकिन्सला. जन्म १९०७ चा. केंब्रिजमध्ये शिकतानाच त्यानं आर्क्टिकची मोहीम काढली. १९३० मध्ये १४ जणांची मोहीम घेऊन तो ग्रीनलंडला गेला. काम होतं, युरोप-अमेरिका विमानमार्गासाठी तिथलं हवामान तपासायचं.

तिथं तो इनुइट शिकाऱ्यांकडून रोल शिकला. म्हणजे होडी उलटली, डोकं पाण्याखाली गेलं, तरी बाहेर न पडता वल्ह्याच्या जोरावर पुन्हा सरळ व्हायचं.

२० ऑगस्ट १९३२. दुसऱ्या मोहिमेत तो सीलच्या शिकारीला एकटाच गेला. सोबत्यांना त्याची कयाक उलटी तरंगताना सापडली. बर्फाच्या एका तुकड्यावर त्याची पँट होती. देह कधीच मिळाला नाही. वय होतं २५.

इतक्या थंड पाण्यात पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही. पुढच्या दहाएक मिनिटांत हातपाय साथ सोडतात. पट्टीचा पोहणाराही मग काठ गाठू शकत नाही.

म्हणूनच हिवाळ्यात समुद्रात कयाकच्या सहली काढणारे क्लब ऊन बघून नाही, पाणी किती थंड आहे ते बघून कपडे ठरवतात. लाइफ जॅकेट सक्तीचं करतात आणि कुणालाही गटापासून लांब जाऊ देत नाहीत. जिनोला रोल येत होता, पण त्या दिवशी हाकेच्या अंतरावर कोणीच नव्हतं.